मदत हवी आहे: क्रेटचं (जाळीच्या पिंजऱ्याचं) दार लावलं की कुत्री घाबरीघुबरी होते

आमची राणी देशी कुत्री, रस्त्यावरून आणलेली. दार उघडं असलं की क्रेटमध्ये खुशाल झोपते. पण दार लावून आम्ही बाहेर पडलो की धापा टाकते, जाळी चावते. परत येऊन बघावं तर छातीपर्यंत लाळेने भिजलेली, हिरडीतून रक्त, आणि आवडतं चिकनही तसंच पडलेलं. हा हट्ट नाही, भीती आहे. ‘रडू दे, होईल सवय’ हे मला अजिबात पटत नाही. सध्या क्रेट वापरणंच बंद केलंय, कुणीतरी घरी थांबतं.

काही सेकंदांपासून सुरुवात करून एकटं राहायची सवय कुणी लावली आहे का? क्रेटऐवजी खोलीला बेबी गेट (दारात बसवायचं बुटकं फाटक) लावून फरक पडला का? डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन हे भीती-चिंता कमी करणारं औषध सुचवलंय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कुणी दिलं असेल तर त्या काळात भूक-झोप कशी होती, ते कृपया सांगा.