19 एमएम प्लाय सरळ कापताना सॉ रेषा सोडतो

नवशिका_कोपरखैरणे
पुस्तकांच्या कपाटासाठी 8 बाय 4 फुटांच्या प्लायमधून 30 सेंटिमीटर रुंद फळ्या काढायच्या आहेत. 7 इंची सर्क्युलर सॉ आहे, ब्लेड 24 दातांचं. रेषेवर नजर ठेवून चालवला तरी 3-4 एमएम बाहेर जातो, शेवटी ब्लेड अडकतं आणि कड फुटते. काय चुकतंय?

रंधा_पटाशी
नजरेवर सॉ सरळ जात नाही, त्याला टेकायला पट्टी हवी. तीच गाईड, घरीच बनवा: 6 एमएम प्लायचा 10 इंच रुंद तुकडा घ्या. त्याच्या एका बाजूला 12 एमएमची 4 इंच रुंद पट्टी स्क्रूने बसवा. तिची कारखान्यातून आलेली सरळ कड आतल्या बाजूला. सॉच्या बेसची मोटरकडची बाजू त्या कडेला टेकवून एकदा चालवा. खालचा जास्तीचा भाग कापला गेला की उरलेली कड म्हणजेच तुमची कापायची रेषा. ती खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प. गाईड ठेवायच्या तुकड्यावर असू द्या, म्हणजे ब्लेडचा चर, म्हणजे कापाची फट, टाकाऊ बाजूला पडतो. ब्लेडची खोली 30 एमएम: 19 प्लाय, 6 गाईड, 5 खाली बाहेर.

अडकण्याचं कारण बहुधा आधार. दोन टोकांना दोन स्टुलं लावली की प्लाय मधे झोळतो, चर मिटतो आणि ब्लेड आवळलं जातं. मग सॉ उसळून अंगावर येऊ शकतो, हे हलक्यात घेऊ नका. जमिनीवर 2 इंची थर्माकोल पूर्ण शीटखाली पसरा, त्यावरच कापा.

कड फुटू नये म्हणून ब्लेड 60 दातांचं घ्या. दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली.

गुण्या_ठाणे
त्याआधी गुण्या (काटकोन आखायची पट्टी) तपासा. सरळ कडेला लावून रेष मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेषा फाकल्या तर गुण्यात फाकेच्या निम्मी चूक आहे. मग प्लग काढून ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून बेसच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं नसेल तर गाईड लावूनही सॉ ओढतो आणि कड काळी पडते.

घोडबंदर_सुतारकाम
पूर्ण शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. लांब काप दुकानातच मारून घ्या, पण माप 29.5 द्या. 122 सेंटिमीटरमधून 30च्या चार पट्ट्या म्हणजे 120. प्रत्येक कापात 3 एमएम जातात, आणि दबलेली कड छाटली की हाती काही उरत नाही. घरी मग फक्त आडवे काप राहतात.