वादळ किनाऱ्याकडे येताना तुम्ही काय बघता? (अनुभव धागा)

मे महिना लागला की आमच्या घरात विंडी (वाऱ्याचे नकाशे दाखवणारं ॲप) उघडतं. अरबी समुद्रात जरा कुठे गोल फिरायला लागलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर रंगीबेरंगी नकाशे येऊन पडतात, त्यातले निम्मे मागच्या वर्षीचे. ज्यांनी वादळ जमिनीवर येईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली आहे, मग ते कोकणात असोत, पूर्व किनाऱ्यावर नाहीतर अमेरिकेत, त्यांनी इथे लिहा. काय बघत होतात आणि प्रत्यक्षात काय झालं? हवामान खात्याला शिव्या घालायच्या असतील तर कृपया वेगळा धागा काढा.

सुरुवात मीच करतो. तौक्ते, १७ मे २०२१. मुंबईवर ते आलंच नाही. शंभरावर किलोमीटर लांबून, किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि रात्री दीवजवळ जमिनीवर चढलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला, विमानतळ आणि सी-लिंक बंद. नकाशावरची रेघ भर समुद्रात होती आणि आमच्या बाल्कनीचा पत्रा समोरच्या सोसायटीत.

दिवेआगरकर

तुमची रेघ समुद्रात होती, आमची घरावरून गेली. निसर्ग, ३ जून २०२०. आदल्या दिवशी अंदाज होता, हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ. आता हरिहरेश्वर म्हणजे या पट्ट्याचं अगदी दक्षिणेचं टोक, आणि आम्ही त्याच्या शेजारी. पण टीव्हीवर दिवसभर मुंबईच. रेनकोट घातलेले बातमीदार चौपाटीवर उभे. वडील म्हणाले, "आपलं नाव घेत नाहीत म्हणजे आपल्याकडे येणार नाही असं थोडंच आहे?" गोठा मोकळा केला, म्हशी सोडून दिल्या, कागदपत्रं पिठाच्या डब्यात घातली.

दुपारी बाराच्या सुमारास मोबाइलची रेंज गेली, वीज त्याआधीच गेली होती. त्यानंतर ट्रॅकिंग कसलं, कानच उरले. माड मुळासकट धप्पकन पडतो, पोफळ मधोमध कडकन मोडते. हे दोन आवाज वेगळे ओळखता येतात हे त्या दिवशी कळलं. कौलं तर पत्त्यांसारखी उडत होती. संध्याकाळी बाहेर आलो तर मागच्या दारातून थेट समुद्र दिसला, मध्ये वाडीच नव्हती. श्रीवर्धनी रोठा सुपारी ऐकली असेल तुम्ही. पोफळ लावली की फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. मुंबई वाचली अशी बातमी आम्हाला चार दिवसांनी कुणीतरी सांगितली.

टँपाकर

वर रेघेचा विषय निघालाय म्हणून लिहिते. इथे फ्लोरिडात मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी नवी ॲडव्हायजरी, म्हणजे अंदाजाचं पत्रक, काढतं: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. किनारा धोक्यात असला की मध्ये दोन आणि आठलाही. हरिकेनच्या आठवड्यात आमचा दिवस या वेळांवर चालतो, भाजी फोडणीला टाकायची तीही पाचची आली का बघून.

सप्टेंबर २०२२, इयन. कोन (नकाशावर वादळाची संभाव्य वाट दाखवणारा पट्टा) थेट टँपा बेवर. आम्ही झोन ए मध्ये, म्हणजे सगळ्यात आधी बाहेर पडायचं. ऑरलँडोच्या मराठी मंडळींकडे गेलो. गाडीत मुलं, देव्हाऱ्यातले देव, पासपोर्ट आणि लोणच्याची बरणी (सासूबाई). मग एकेका ॲडव्हायजरीत रेघ दक्षिणेला सरकत गेली आणि २८ तारखेला दुपारी इयन कायो कोस्टा बेटावर चढलं, ताशी १५० मैल. फोर्ट मायर्सकडचा किनारा तोवर कोनाच्या कडेला होता आणि बऱ्याच जणांनी "ते टँपाचं आहे" म्हणून ऐकलं. कोनाचा अर्थ एवढाच की वादळाचा मध्य तीनपैकी दोन वेळा या जागेत राहतो. पाणी-वारा कुठवर पोहोचेल याचा त्यात काही संबंध नाही.

आमच्याकडे उलटंच झालं. वादळ दक्षिणेकडून गेल्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे, आणि खाडीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं. तळ उघडा पडला, लोक चिखलात फोटो काढत फिरत होते. हेच वादळ थोडं उत्तरेकडून चढलं असतं तर तेच पाणी आमच्या दिवाणखान्यात.

आणि ते आलंच दोन वर्षांनी. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन शंभर मैलांहून जास्त लांबून गेलं, टँपा कोनाच्या बाहेर, तरी खाडीला विक्रमी उधाण. ओले सोफे अजून रस्त्याच्या कडेला पडलेले असताना ९ ऑक्टोबरला मिल्टन. त्याला आम्ही रेघ बघितलीच नाही, झोनचा आदेश निघाल्या निघाल्या बाहेर पडलो.

ह्यूस्टनवाला

थोडक्यात. जुलै २०२४, बेरिल. सुरुवातीला मेक्सिकोच्या सीमेकडे जाणार होतं, मग उत्तरेकडे वळत वळत ८ तारखेला पहाटे टेक्सासच्या किनाऱ्यावर, माटागोर्डाला. "कॅटेगरी वनच आहे" (हरिकेनची सगळ्यात खालची पायरी) म्हणत सगळे निवांत. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, बाहेर भयंकर उकाडा. वीज कंपनीचा नकाशा बंद. मग कुणीतरी शोध लावला की व्हॉटबर्गर या बर्गरवाल्या साखळीच्या ॲपवर उघडी दुकानं केशरी आणि बंद करडी दिसतात. केशरी असेल तिथे वीज! वरणभात खाणारी आमची आई रोज सकाळी बर्गरचा नकाशा बघायची.

देवगडचो

आमच्याकडे ॲपच्या आधी बंदर बोलतं. जेटीवर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की तांडेल (नौकेचा प्रमुख) आपसूक परत फिरतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा कितीतरी नौका बाहेर होत्या, त्यातले काही घरी आलेच नाहीत. तेव्हापासून आमचे काका वायरलेसवरचा एकही निरोप सोडत नाहीत. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार आलं तेव्हा गुजरात, कर्नाटकच्या शेकडो नौका आमच्या खाडीत आसऱ्याला शिरल्या होत्या. फराळाचे डबे होडीतून वाटले. क्यार किनाऱ्याला लागलं नाही, पश्चिमेला ओमानच्या दिशेने निघून गेलं.

माजी विझागवासी

हुदहुद, १२ ऑक्टोबर २०१४. यजमान नौदलात, आम्ही क्वार्टर्समध्ये. या वादळाचा अंदाज इतका अचूक होता की विशाखापट्टणम म्हणजे विशाखापट्टणमच. सकाळी शहराचं रडारही बंद पडलं. मग शेजारच्या निवृत्त कमांडरांकडे भिंतीवर जुना पितळी बॅरोमीटर होता, तोच आमचा टीव्ही. ते दर थोड्या वेळाने काचेवर टिचकी मारायचे आणि काटा आणखी खाली घसरायचा.

दुपारी वारा एकदम थांबला. पोरं चपला घालून दाराशी. कमांडर दारात आडवे उभे राहिले, "अर्धंच झालंय, काटा बघा, अजून तळाशीच आहे." वादळाचा डोळा डोक्यावर होता. बऱ्याच वेळाने वारा पुन्हा सुटला तो बरोब्बर उलट्या दिशेने, आधी ईशान्येकडून होता तो आता नैऋत्येकडून. सकाळभर तग धरलेली झाडं या दुसऱ्या फेरीत गेली. आमच्या गेटवरचा गुलमोहर गाडीवर पडला, पण माणसं सगळी आत होती.