जपानमधलं क्योटो एका दिवसात, एकटीने: दुपारच्या टप्प्यासाठी मदत हवी आहे
सकाळी साडेसहाला फुशिमी इनारी हे देवस्थान. चोवीस तास उघडं, तिकीट नाही. क्योटो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची लोकलच धरायची, क्योटोनंतर दुसरं स्टेशन इनारी. रॅपिड (जलद गाडी) इनारीला न थांबता पुढे निघून जाते. डोंगरवाटेवरच्या योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत चढून परत. मग केइहान रेल्वेने कियोमिझु-गोजो स्टेशन आणि तिथून चढ चालत कियोमिझुदेरा मंदिर.

घोडं अडलंय ते पुढे. किंकाकुजी (सोनेरी मंदिर) संध्याकाळी ५ ला बंद होतं. थेट २०५ नंबरची बस ट्रॅफिकमध्ये रखडते, म्हणून शिजो स्टेशनहून मेट्रोने किताओजी स्टेशन, तिथून बस. २ वाजता कियोमिझुदेरा सोडलं तर पुरे ना? आणि ११०० येनचा मेट्रो-बस पास घ्यावा का? जेआर, केइहानच्या रेल्वे त्यात नाहीत, साधी बस २३० येन. वसूल होईलसं वाटत नाही. दाशी (बहुतेकदा सुक्या माशाचा अर्क) नसलेलं जेवण वाटेत कुठे?