मदत हवी आहे: जुना मॅनेजर प्रमोशन अडवतोय, गुरुवारी फॉर्म बंद

अबोली_२
सोमवार, रात्री 10:40

नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते. आमच्याकडे टेस्ट लीडची, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमच्या प्रमुखाची, जागा निघाली आहे, अंतर्गतच भरणार आहेत. गुरुवारी संध्याकाळी 5 ला फॉर्म बंद. आज कळलं की माझ्या जुन्या मॅनेजरने "ती अजून तयार नाही" असं सांगून ठेवलंय. मी त्याच्या टीममध्ये आता नाहीच! ज्याच्या हाताखाली मी काम करत नाही त्याने माझं भवितव्य का ठरवावं? 3 वर्षं राबले त्याच्यासाठी. रिलीजच्या (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर जायच्या) रात्री मी थांबायचे, बाकीचे घरी जायचे. आता काय करू? त्याला जाऊन भेटू, एचआरला मेल टाकू की सरळ फॉर्म भरून मोकळी होऊ? प्लीज लवकर सांगा.

निळी_शाई
सोमवार, रात्री 10:58

कोणाला सांगितलं त्यांनी? आणि तुम्हाला कोणी सांगितलं? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळं अवलंबून आहे. कॅन्टीनमध्ये ऐकलेलं असेल तर त्यावर एचआरला मेल टाकता येत नाही.

वाटसरू
सोमवार, रात्री 11:05

माझा अनुभव सांगतो. माझ्यासोबत हेच झालं होतं, दोनदा. दोन्ही वेळा मी थांबलो, समजूत घालत बसलो, काही झालं नाही. तिसऱ्या वेळी बाहेरून ऑफर आणली आणि टेबलावर ठेवली. आठवड्यात पद मिळालं. आपली किंमत बाहेरच्यांनी सांगितल्याशिवाय घरच्यांना कळत नाही. आजपासून अर्ज टाकायला लागा.

निळी_शाई
सोमवार, रात्री 11:09

वाटसरू, गुरुवारी फॉर्म बंद होतोय. दोन दिवसांत ऑफर कुठून आणणार त्या?

मृद्गंध
सोमवार, रात्री 11:30

ताई, आधी तुमचं लिंक्डइन प्रोफाइल नीट करा. फोटो साध्या पार्श्वभूमीवरचा हवा, आणि नावाखालच्या ओळीत नुसतं पद लिहू नका, तुम्ही कोणता प्रश्न सोडवता ते लिहा. मी असं केल्यावर महिन्याभरात कितीतरी जणांनी संपर्क केला.

अबोली_२
मंगळवार, सकाळी 7:15

मृद्गंध, धन्यवाद, पण मला बाहेर जायचंच नाहीये. ही जागा माझ्याच कामाची आहे.

निळी_शाई, निवड करणाऱ्या पॅनेलवर बसणाऱ्या एकांनी मला सांगितलं, आडून. त्यांचं नाव पुढे आणायचं नाही. आणि फॉर्ममध्ये "मागील 24 महिन्यांतील सर्व रिपोर्टिंग मॅनेजरांचा अभिप्राय" असा रकाना आहे. मी टीम बदलून 14 महिने झाले. म्हणजे जुना मॅनेजर त्यात येतोच.

अर्धविराम
मंगळवार, सकाळी 7:32

अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. याने चित्रच बदललं. ते उगाच नाक खुपसत नाहीयेत, प्रक्रियेनेच त्यांना विचारलंय. "त्याने का बोलावं" हा मुद्दा इथेच संपला. आता प्रश्न एवढाच की ते काय लिहिणार आणि त्याचं वजन किती पडणार.

आणखी दोन गोष्टी सांगा. सध्याच्या मॅनेजरला तुम्ही अर्ज करताय हे माहीत आहे का? आणि जुन्या टीममधल्या तीन वर्षांचं अप्रेझल लेखी काय आहे?

रोखठोक
मंगळवार, सकाळी 8:10

मला हे समजूतदारपणाचे सल्ले पटत नाहीत. हा सरळसरळ आकस आहे. टीम सोडून गेली म्हणून राग काढतोय. एचआरला लेखी तक्रार करा, तारखांसकट. तोंडी बोलाल तर उद्या तो नाही म्हणेल. कागदावर आलं की त्याला उत्तर द्यावंच लागेल. गप्प बसणाऱ्यांमुळेच अशी माणसं सोकावतात.

जुना_खांब
मंगळवार, सकाळी 9:20

मी बरीच वर्षं माणसं सांभाळली आणि अशा पॅनेलवर अनेकदा बसलो. रोखठोक, तुमचा संताप कळतो, पण या घडीला तक्रार केली तर पॅनेलपुढे अबोली यांचं काम येणार नाही, भांडण येईल. आणि तक्रार कशाची करणार? "तयार नाही" हे मत आहे. मत देणं हा गुन्हा नाही. शिवाय ते त्यांच्या कानावर कसं आलं हे सांगावं लागेल, म्हणजे विश्वासाने सांगणारा माणूस उघडा पडेल.

आत काय चालतं ते सांगतो. "तयार नाही" असं कोणी म्हणालं की पॅनेलमधलं कोणीतरी विचारतं, उदाहरण द्या. उदाहरण नसेल तर ते वाक्य तिथेच विरतं. उदाहरण असेल तर ते टेबलावर राहतं आणि त्याचं उत्तर उमेदवाराकडेच असावं लागतं. म्हणून मला एकच जाणून घ्यायचंय. त्यांनी कशासाठी तयार नाही म्हटलं? ते तुम्हाला पूर्वी कधी काही बोलले होते का?

रोखठोक
मंगळवार, सकाळी 9:41

म्हणजे अन्याय सहन करायचा आणि वर उत्तरही तिनेच शोधायचं. वा. मॅनेजर लोक मॅनेजरांचीच बाजू घेणार.

जुना_खांब
मंगळवार, सकाळी 9:48

बाजू घेत नाहीये. त्यांना ती जागा मिळावी असंच मला वाटतं. म्हणूनच विचारतोय.

तिसरी_घंटा
मंगळवार, सकाळी 10:30

मुळात ही सगळी रेटिंगची पद्धतच सडलेली आहे. ऐंशीच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी माणसांची क्रमवारी लावून तळाच्या 10 टक्क्यांना काढायचं तंत्र रुजवलं आणि जगाने ते उचललं. मायक्रोसॉफ्टने 2013 साली ही क्रमवारी बंद केली, त्याआधी 2012 साली अडोबीने वार्षिक अप्रेझलच सोडून दिलं. तरी आपल्याकडे अजून बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक जणांना खालची श्रेणी द्यायलाच लावणारी पद्धत, चालूच. माझ्या टीममध्ये सात जण होते, सातही उत्तम, तरी मला एकाला खाली ढकलावं लागलं. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

अर्धविराम
मंगळवार, सकाळी 10:44

तिसरी घंटा, तुमचं दुःख खरं आहे, पण धागा भरकटतोय. बेल कर्व्हसाठी वेगळा धागा काढा, मीही येईन तिथे.

निळी_शाई
मंगळवार, सकाळी 11:15

रोखठोक यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मी त्याला आकस म्हणणार नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली एक निबंध लिहिला होता. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांवर दिलेले गुण त्याने तपासले. ते एकमेकांशी नको तितके जुळत होते. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्यांत वर, नावडला की सगळ्यांत खाली. तुमच्या मॅनेजरच्या मनात एखादीच गोष्ट खुपत असेल आणि तिची सावली बाकी सगळ्यावर पडली असेल. ती एक गोष्ट शोधा. ती वेगळी काढून दाखवली तर बाकीचं काम पुन्हा दिसायला लागतं.

अबोली_२
मंगळवार, दुपारी 1:20

सध्याच्या मॅनेजरला अजून सांगितलं नाही. मला वाटलं आधी फॉर्म भरावा, निवड झाली तर सांगावं. ते उगाच नाराज होतील.

अप्रेझल: पहिली दोन वर्षं "अपेक्षेपेक्षा उत्तम", शेवटचं "अपेक्षेप्रमाणे". त्या वर्षी एका रिलीजमध्ये दोन बग (चुका) लाइव्ह, म्हणजे थेट वापरणाऱ्यांपर्यंत, गेले होते. दोन्ही माझ्या नावावर टाकले गेले, खरं तर त्या टेस्ट केसेस (तपासण्या) ज्युनिअर मुलाच्या होत्या. मी ऐनवेळी त्याच्याकडून काढून घेतल्या, कारण त्याचं होत नव्हतं.

अर्धविराम
मंगळवार, दुपारी 1:26

थांबा, सध्याच्या मॅनेजरला माहीतच नाही?! अभिप्रायाचा मेल त्यांनाही जाणार ना? त्यांना ते सिस्टिमच्या मेलवरून कळलं तर ते खरंच नाराज होतील. आज जाऊन सांगा. जुन्या माणसाचा जोर मोडायचा तर गेल्या 14 महिन्यांचं बोलणारा माणूस हवा, आणि तो तुमच्या शेजारीच बसलाय.

जुना_खांब
मंगळवार, दुपारी 1:50

अबोली, रागावू नका, पण तुमच्या दोन पोस्ट एकत्र वाचा. "मी थांबायचे, बाकीचे घरी जायचे." आणि "त्याच्याकडून काढून घेतल्या, कारण त्याचं होत नव्हतं." लीडच्या जागेसाठी पॅनेल नेमकं हेच बघतं. तुम्ही मेहनती आहात यावर कोणालाही शंका नसेल. प्रश्न असा असतो की ही बाई काम वाटून देईल का, की सगळं स्वतःच्या अंगावर घेईल आणि टीम रिकामी बसेल.

लॉरेन्स पीटर यांनी 1969 साली मांडलेलं तत्त्व बहुतेकांना ठाऊक असेल. माणूस आहे त्या कामात चांगला म्हणून वर जातो, आणि जे काम जमत नाही तिथे पोचून अडकतो. 2019 साली विक्री क्षेत्रातल्या माणसांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही तेच दिसलं. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळायची शक्यता जास्त होती, पण व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी खालावली. जुने मॅनेजर कदाचित एवढंच म्हणत असतील. पुन्हा विचारतो, ते तुम्हाला काही बोलले होते का?

रोखठोक
मंगळवार, दुपारी 2:05

किंवा त्यांना मेहनती माणूस हातचा गेल्याचं दुःख असेल. तेही होतं.

वाटसरू
मंगळवार, दुपारी 2:30

रोखठोक +१. म्हणूनच म्हणतो, बाहेर बघा.

अबोली_२
मंगळवार, रात्री 9:50

दिवसभर विचार करत होते. हो, बोलले होते. टीम सोडताना शेवटच्या भेटीत. "तू उत्तम टेस्टर आहेस, पण तू कोणाला शिकू देत नाहीस." मला तेव्हा फार लागलं होतं. मला वाटलं मी जातेय म्हणून टोचून बोलले. त्यानंतर मी त्यांच्याशी एकदाही बोलले नाही. हे इथे लिहायला विसरले नव्हते. लिहावंसं वाटलं नाही.

सध्याच्या मॅनेजरना आज सांगितलं. अजिबात नाराज झाले नाहीत. म्हणाले, मला वाटलंच होतं तू भरशील. त्यांनी लगेच विचारलं की या वर्षी मी कोणाकोणाला तयार केलं. मी चार नावं सांगितली. नवीन आलेल्या चौघांचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं, त्यातले दोघं आता स्वतंत्रपणे मॉड्यूल बघतात. मला हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पण आता जुन्या मॅनेजरना भेटू की नको? भेटले तर मिनतवारी करायला आले असं वाटेल.

निळी_शाई
मंगळवार, रात्री 10:12

तुमच्या अख्ख्या अर्जातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्हाला सांगण्यासारखी वाटली नव्हती! चौघं तयार केलीत तुम्ही. जुन्या आक्षेपाला याहून थेट उत्तर नाही.

जुना_खांब
मंगळवार, रात्री 10:20

भेटा किंवा मेल करा, पण मत बदला असं म्हणू नका. लिहा: मी या जागेसाठी अर्ज करतेय. निघताना तुम्ही मला अमुक म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात आहे. त्यानंतर मी हे हे केलं. अभिप्राय देताना हे तुमच्यापर्यंत पोचलेलं असावं म्हणून लिहितेय. बस्स. त्यात कोणी काय सांगितलं याचा उल्लेख नको. त्यांना शेवटची दिसलेली तुम्ही 14 महिन्यांपूर्वीच्या आहात, पुढचं त्यांना कुठून कळणार?

रोखठोक
मंगळवार, रात्री 10:31

मेलच करा, भेटू नका. लेखी राहील. आणि पाठवाल तो जपून ठेवा. एवढं तरी माझं ऐका.

जुना_खांब
मंगळवार, रात्री 10:33

इथे मी रोखठोक यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मेलच बरा.

मृद्गंध
बुधवार, सकाळी 8:00

मुलाखतीत पगाराचं कोणी विचारलं तर आकडा आपण आधी सांगू नये, हे लक्षात ठेवा.

अबोली_२
बुधवार, रात्री 8:45

सकाळी मेल केला. सहा ओळींचा. दुपारी दोन ओळींचं उत्तर आलं. "कळवलंस ते बरं झालं. त्या चौघांपैकी एक जण सध्या माझ्या प्रोजेक्टला मदत करतोय, चांगला तयार झालाय." पुढे काहीच नाही. पाठिंबा देतील की नाही, कळत नाही.

आता फॉर्ममधल्या 300 शब्दांच्या निवेदनात त्या जुन्या रिलीजबद्दल लिहू का? की विषयच काढू नको?

अर्धविराम
बुधवार, रात्री 9:02

लिहा, पण तीन-चार ओळींतच. काय घडलं, त्यात तुमची चूक कोणती, आणि पुढच्या रिलीजला तुम्ही काय वेगळं केलं. ज्युनिअर मुलाचा उल्लेख अजिबात नको. "त्याचं होत नव्हतं" हे वाक्य तुमच्या तोंडून पॅनेलपुढे गेलं की बाकीचे 290 शब्द वाया जातील.

निळी_शाई
बुधवार, रात्री 9:10

अनुमोदन. आणि सुरुवात चौघांपासून करा, त्या रिलीजपासून नको.

तिसरी_घंटा
बुधवार, रात्री 11:40

मी बेल कर्व्हचा वेगळा धागा काढलाय. ज्यांना रस आहे त्यांनी यावं.

अबोली_२
गुरुवार, दुपारी 4:15

4:10 ला फॉर्म भरला. निवेदनाची सुरुवात चौघांपासून केली आणि रिलीजबद्दल चार ओळी लिहिल्या. मुलाखत सोमवारी आहे. त्याच दिवशी रिग्रेशनही (जुनं सगळं पुन्हा तपासणं) सुरू होतंय. पूर्ण यादी मीच करायचं ठरवलं होतं, पण आज दुपारी ती दोघांत वाटून दिली. त्यातल्या एकाचा आत्ताच प्रश्न आला. उत्तर टाइप केलं होतं, मग खोडलं आणि त्याला विचारलं की तुला काय वाटतं. वाट बघतेय.

रोखठोक
गुरुवार, दुपारी 4:22

सोमवारी काय झालं ते इथे नक्की लिहा. आणि अभिप्रायात काय लिहिलंय ते बघायची सोय असेल तर मागून घ्या.