टॅली सोडून ईआरपीवर जायचंय, मशीनशॉपवाल्यांनी जरा खरं खरं सांगा

शिरोली_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं. आता १४ मशीनं आहेत, गेल्या वर्षीचा टर्नओव्हर साडेअकरा कोटीच्या आसपास. काम दोन तऱ्हेचं, काही पार्ट्यांसाठी आम्ही फाउंड्रीतून कास्टिंग विकत घेऊन मशिनिंग करून देतो आणि काही पार्ट्या स्वतःचं कास्टिंग पाठवतात, तिथे आमची फक्त लेबर.

आत्ता बिलं आणि खाती टॅलीत, स्टॉक सुपरवायझरच्या एक्सेलमध्ये, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला बाहेर जाणारा माल चलनबुकात आणि रिजेक्शन देवाच्या भरवशावर. गेल्या महिन्यात एका पार्टीचा माणूस आला, म्हणे तुमच्याकडे आमची ३४० कास्टिंग शिल्लक आहेत, आमच्या वहीत २१२. दोन दिवस शोधाशोध केली तेव्हा कळलं की ९० नग ब्लो होलमुळे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीमुळे) परत पाठवलेत पण नुसत्या गेटपासवर, चलन फाडलंच नाही, आणि उरलेले ३८ कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. त्यांनी डेबिट नोट टाकली (तेवढे पैसे आमच्याकडून वळते करायची), आम्ही गप्प.

त्यामुळे मी म्हणतोय की सगळं एकाच सिस्टीममध्ये, म्हणजे ईआरपीत, आणू, बाबा म्हणतात टॅली बरी चाललीय की, तिचा काय दोष. आमच्या अकाउंटंट ताई १६ वर्षं टॅलीवर आहेत, त्यांनी तर सरळ सांगितलं की मला नवीन जमायचं नाही. कोटेशनं तीन आलीत आणि तिघंही म्हणतात १ एप्रिलला लाइव्ह करून देतो. आज फेब्रुवारीची १० तारीख. जमेल का? जुना सगळा डेटा आणायचा का? आणि सुरुवात कुठून करायची, खात्यांपासून की स्टोअरपासून?

भोसरीकर

दादा, तुमची पोस्ट वाचून आमचंच घर आठवलं. आम्ही तीन वर्षांपूर्वी टॅलीवरून ईआरपीनेक्स्टवर गेलो. ओपन सोर्स आहे, मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, युजरमागे लायसन्स लागत नाही, खर्च होतो तो सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्याचा. ओडू पण पाहिलं होतं पण त्याच्या फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत पूर्ण अकाउंटिंग येत नाही, ते एंटरप्राइझमध्ये आणि तिथे युजरमागे पैसे, आमच्या फ्लोअरवर आठ-दहा जण एंट्री मारणार म्हटल्यावर ते बसेना.

आता खरं. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गेटवर टेम्पो उभा, माल भरलेला, आणि बिलच निघेना. का तर सिस्टीम म्हणते स्टॉक शून्य आहे. माल तर डोळ्यासमोर दिसतोय! झालं असं होतं की सकाळी आलेल्या कास्टिंगचा जीआरएनच (माल आत आल्याची एंट्री) कोणी केला नव्हता, प्रॉडक्शनची एंट्री पण नाही, मग फिनिश माल येणार कुठून. टॅली तुम्हाला निगेटिव्ह स्टॉकमध्ये बिल काढू देते, आणि आपण सगळे वर्षानुवर्षं त्या सवयीवर जगलोय, आधी बिल काढा, खरेदीची एंट्री ताई शनिवारी मारतील. ईआरपीनेक्स्टमध्ये निगेटिव्ह स्टॉक मुळात बंद असतो. सेटिंगमधून चालू करता येतो, आणि त्या रात्री साडेआठला आम्ही तो चालू केला. ही आमची चूक. पुढचे चार महिने तो चालूच राहिला आणि स्टॉक पुन्हा एक्सेलइतकाच खोटा झाला, शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सगळं परत मोजून बंद केला तेव्हा कुठे सिस्टीम कामाला लागली.

दुसरं म्हणजे आयटमची यादी. तुमच्या टॅलीत एकच पार्ट किती नावांनी आहे बघा. आमच्याकडे बेअरिंग हाउसिंग, बीआरजी हाउसिंग, हाउसिंग बेअरिंग आणि 'हाउसिंग नवीन' असे चार निघाले, चौथ्यात 'नवीन' काय होतं ते कोणालाच सांगता आलं नाही. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन धरून कोड लावा. याला आमचे पाच आठवडे गेले, आणि हे काम बाहेरचा माणूस करू शकत नाही, तुम्हालाच सुपरवायझरला घेऊन बसावं लागेल.

१ एप्रिल विसरा.

सीए_सांगलीवाले

१ एप्रिलबद्दल थोडं वेगळं मत. नवीन वर्षाला सुरू केलं की ओपनिंग (सुरुवातीची शिल्लक) स्वच्छ मिळतं आणि ३१ मार्चचा स्टॉक तुम्ही तसाही मोजताच. पण मार्च-एप्रिलमध्ये तुमचं ऑफिस आणि आमचं ऑफिस दोन्ही डोकं वर काढत नाहीत हेही खरं. १ जुलै किंवा १ ऑक्टोबर धरलंत तरी कायद्याने काही अडत नाही. फक्त बिलाची सिरीज बदला. जीएसटीत बिल नंबर आर्थिक वर्षात एकदाच वापरता येतो आणि १६ अक्षरांच्या आत बसायला हवा, त्यामुळे नव्या सिस्टीमला वेगळा प्रीफिक्स द्या. मागे एका क्लायंटकडे दोन्ही सॉफ्टवेअरमधून एकाच नंबरची दोन बिलं गेली, दुसऱ्याचा आयआरएन (ई-इनव्हॉइस पोर्टल प्रत्येक बिलाला देतं तो नंबर) पोर्टलने डुप्लिकेट म्हणून नाकारला आणि माल तोवर रस्त्यात होता.

तुमचा टर्नओव्हर १० कोटींच्या वर आहे म्हणजे ई-इनव्हॉइस तर लागूच (५ कोटींच्या वरच्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून आहे), शिवाय १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर गेलं नाही तर ते घेतच नाहीत. बदलाबदलीच्या गोंधळात 'मागून टाकू' म्हणून बिलं ठेवू नका. आयआरएन रद्द करायला पण २४ तासच मिळतात, आणि रद्द केलेला नंबर परत वापरता येत नाही.

जुना डेटा आणू नका. पार्टीनिहाय बिलवार येणं-देणं, मोजलेला स्टॉक, बँक, मशिनरी, एवढं ओपनिंग घ्या आणि टॅली तशीच चालू स्थितीत एका कॉम्प्युटरवर जपून ठेवा, नोटिसा मागच्या वर्षांच्या येतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) बंद न करता येणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, कोटेशन देणाऱ्याला हे लेखी विचारा.

आणि एक, बाहेर हीट ट्रीटमेंटला जाणारा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून टॅक्स व्याजासकट लागतो. तुम्हाला आयटीसी-०४ (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) सहामाही भरायचा असतो. तो सध्या कशावरून भरता, चलनबुकावरून की अंदाजाने? उत्तर इथे देऊ नका 🙂

टॅलीभक्त

उगाच पैसे घालवू नका राव. टॅलीतच एफ११ मध्ये जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू करा, मटेरियल इन, मटेरियल आउट व्हाउचर मिळतात, पार्टीचा माल वेगळ्या गोडाउनला दिसतो. ९० टक्के लोकांना आपल्याकडच्या टॅलीत काय आहे तेच माहीत नसतं आणि निघाले ईआरपी घ्यायला.

शिरोली_मशीनशॉप

@टॅलीभक्त दादा, ते दोन वर्षांपूर्वी चालू केलं होतं. आठवडाभर चाललं. अडचण अशी झाली की टॅली ऑफिसमध्ये ताईंच्या कॉम्प्युटरवर आणि माल खाली शॉपमध्ये, सुपरवायझर चिठ्ठ्या लिहून वर पाठवायचा, ताई संध्याकाळी भरायच्या, चिठ्ठी हरवली की संपलं.

@सीए साहेब, आयटीसी-०४ चं उत्तर खरंच देत नाही.

लेजरवाली

मी त्या ताईंच्या जागेवरून लिहिते. १९ वर्षं टॅली, कीबोर्डकडे न बघता एंट्री मारायचे, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. चाकणच्या आमच्या कंपनीत ईआरपी आलं तेव्हा मला वाटलं आता आपली गरज संपली. ती भीती कोणी बोलून दाखवत नाही, 'जमायचं नाही' एवढंच म्हणतात, तेव्हा आधी त्यांच्याशी नीट बोला की काम काय राहणार आहे.

त्रास कशाचा होतो सांगते. टॅलीत चुकलं की एंटर मारून आत गेलं, दुरुस्त केलं, झालं. इथे सबमिट केलेलं बिल उघडून बदलता येत नाही, कॅन्सल करून अमेंड करायचं, आणि नंबरच्या मागे -१ लागतं. पहिल्या महिन्यात माझी एवढी -१ आणि -२ वाली बिलं झाली की रिटर्न भरताना रडायची वेळ आली. आता ड्राफ्टमध्ये ठेवून दुसऱ्या कोणाला तरी दाखवल्याशिवाय सबमिट करत नाही. दुसरं, 'माल आला पण बिल आलं नाही' असं एक खातं आपोआप तयार होतं, कारण जीआरएन झाला की स्टॉकची खात्यात एंट्री पडते, बिल मागून येतं. आमच्या ऑडिटर सरांनी ते ताळेबंदात पाहिलं आणि विचारलं हे १८ लाख कोणाचे. कोणाचेच नव्हते, सुपरवायझरने काही जीआरएन दोनदा केले होते! पण खरं सांगू का, टॅलीत हे कधी दिसलंच नसतं.

आता माझं एंट्रीचं काम निम्म्यावर आलंय, ४५ दिवसांच्या आत कोणत्या लहान सप्लायरचे पैसे द्यायचे, टू-बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या क्रेडिटच्या पत्रकात) कोणाचं क्रेडिट आलं नाही, रेट अमेंडमेंटचा (दर बदलल्याचा) फरक कोणत्या पार्टीकडून यायचाय, हे बघते. आधी हे बघायला वेळच नसायचा.

फक्त दोन्ही सिस्टीम समांतर चालवणार असाल तर एकच महिना, त्याहून जास्त नको. आम्हाला तीन महिने दोनदा एंट्री मारायला लावली आणि शेवटी दोन्हीकडे वेगवेगळ्या चुका होत्या.

स्टोअरवाले_काका

लई मोठं वाचायला लावता बगा तुम्ही लोक. माझं एकच म्हणणं, कॉम्प्युटर वर ऑफिसात ठेवू नका, खाली गेटजवळ काट्याशेजारी ठेवा. गाडी आत आली की एंट्री, बाहेर गेली की एंट्री, एंट्रीशिवाय वॉचमन साखळी सोडत न्हाई. आमच्या मालकानं स्वतःची गाडी पण एकदा थांबवून घेतली, सॅम्पलचे चार नग होते डिकीत. त्या दिवसापासनं सगळे सरळ.

शिरोली_मशीनशॉप

काका, हे लगेच करतो 🙏

सगळ्यांचे आभार. काल बाबांशी आणि ताईंशी बसून बोललो. १ एप्रिल रद्द. आधी फक्त पार्ट्यांचं लेबरचं कास्टिंग आत-बाहेर आणि जॉबवर्कची (बाहेर कामाला जाणाऱ्या मालाची) चलनं एवढंच नव्या सिस्टीममध्ये, तेही गेटवर, बिलं आणि खाती सप्टेंबरपर्यंत टॅलीतच, १ ऑक्टोबरला नव्या सिरीजने हलवू. बाबा म्हणाले ते ३८ नग कुठे गेले हे आधी शोधा मग सॉफ्टवेअरचं बोला, पण 'नाही' म्हणाले नाहीत. ताईंनी आयटमची यादी करायला घेतलीय, आमच्याकडे 'हाउसिंग नवीन' नाही पण 'फ्लँज जुना-२' आहे.

शेवटचं विचारतो. कास्टिंग किलोवर विकत घेतो आणि पार्टीला नगावर देतो, वजन प्रत्येक लॉटला थोडं मागेपुढे. स्टॉक किलोत ठेवू की नगात?

भोसरीकर

नगात. खरेदीची ऑर्डर किलोत ठेवा, पण जीआरएनला नग मोजून आणि काट्याचं वजन दोन्ही टाका. ठरावीक वजनाने भागून नग काढू नका, आम्ही ४.२ किलो धरून भागायचो आणि प्रत्येक लॉटला दोन-तीन नग हवेत जायचे, बोरिंगच्या स्क्रॅपचं वजन पण त्यामुळे कधी जुळलं नाही. आणि पार्टीच्या मालकीच्या कास्टिंगला आयटममध्ये 'कस्टमर प्रोव्हायडेड' ची टिक मारा, म्हणजे नग दिसतील पण किंमत शून्य राहील, नाहीतर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याचं कास्टिंग तुमच्या ताळेबंदात जाऊन बसेल.

ते ३८ नग स्क्रॅपच्या ढिगात बघितलेत का? आमचे तिथेच सापडले होते.

शिरोली_मशीनशॉप

उद्या बघतो. स्क्रॅपवाला मंगळवारी येऊन गेला पण.