ॲनिमेशनपटांचा वेगळा ऑस्कर बंद करावा का?

पडदावेडा (दादर)

फाटे न फोडता सांगतो. ऑस्करमधला ‘सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट’ हा स्वतंत्र विभाग बंद करायला हवा. सुरू झाला तो सन्मान म्हणून, पण आता तो पंगतीबाहेर मांडलेलं पान झालाय.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ला १९९२ च्या सोहळ्यात थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं. त्या यादीत तेव्हा पाचच जागा असायच्या आणि समोर ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’, ‘जेएफके’ असे तगडे सिनेमे. वेगळा विभाग नव्हताच. तो आला २००२ मध्ये, पहिला मान ‘श्रेक’ला. त्यानंतर मुख्य यादीत किती ॲनिमेशनपट पोचले? दोन. ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’. तेही यादी पाचाची दहा झाली त्या पहिल्या दोन वर्षांत. ‘स्पिरिटेड अवे’ नाही, ‘वॉल-ई’ नाही, ‘स्पायडर-व्हर्स’ नाही. दिग्दर्शनाच्या नामांकनात तर आजवर एकही ॲनिमेशनपट नाही.

अमेरिकेतल्याच गोल्डन ग्लोब पुरस्कारांचं उदाहरण याहून बोलकं. तिथे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘द लायन किंग’ आणि ‘टॉय स्टोरी २’ हे तिघेही विनोदी-संगीतमय गटात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले होते, माणसांच्या सिनेमांना हरवून. मग २००७ च्या सोहळ्यापासून ॲनिमेशनचा वेगळा विभाग आला आणि मुख्य गटांचं दार २०२१ पर्यंत नियमानंच बंद राहिलं.

परवा इथल्याच एका फिल्म सोसायटीत गप्पा चालल्या होत्या. एक गृहस्थ म्हणाले, “कार्टूनला बेस्ट पिक्चर? मग चंपकला ज्ञानपीठ द्या!” हशा पिकला. हा हशा त्या वेगळ्या विभागानं पोसलाय असं माझं म्हणणं आहे. बोला.

सुमन_माहीम

पडदावेडा, गोल्डन ग्लोबचा मुद्दा बिनतोड आहे, पण ऑस्करला लागू होत नाही. ऑस्करमध्ये ॲनिमेशनपटाला दोन्हीकडे उभं राहता येतं. ‘अप’ दोन्ही याद्यांत होता. म्हणजे दार उघडंच आहे, मतदार आत घेत नाहीत. विभाग बंद केला म्हणून मतदार बदलणार आहेत का?

आणि बंद केल्यावर मरेल कोण? डिस्ने-पिक्सार नाही मरणार. मरेल तो ‘फ्लो’. लाटव्हियातल्या एका तरुण दिग्दर्शकानं ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, एकही संवाद नसलेला, पुरात सापडलेल्या मांजराचा सिनेमा. २०२५ मध्ये त्यानं ॲनिमेशनचा ऑस्कर घेतला, देशाचा पहिलावहिला. त्याआधी मिळालेला गोल्डन ग्लोबचा पुतळा बघायला रीगाच्या संग्रहालयात लोकांनी रांगा लावल्या होत्या. हा सिनेमा दहाच्या मुख्य यादीत आला असता असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल?

साहित्य अकादमीनंही २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार दिलाय. त्यानं बालसाहित्य लिहिणाऱ्यांचं वाटोळं झालं असं मी तरी ऐकलं नाही.

पडदावेडा (दादर)

सुमनताई, इथेच तर घोळ आहे. बालसाहित्य मुलांसाठीच लिहिलेलं असतं. ॲनिमेशन ही करायची रीत आहे, त्यात काय सांगायचं ते करणारा ठरवतो. २०२२ च्या सोहळ्यात हा पुरस्कार द्यायला डिस्नेच्या राजकन्या झालेल्या तीन अभिनेत्री आल्या आणि मुलं हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघतात, आईबापांना सोसावं लागतं, अशा अर्थाचा विनोद करून गेल्या. त्याच पाचांत ‘फ्ली’ होता. अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाची खरी कहाणी, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट या विभागांतही नामांकन मिळालेली. कुठलं मूल ते पुन्हा पुन्हा बघतं, सांगा. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोला ‘पिनोकिओ’चा पुरस्कार घेताना व्यासपीठावरून सांगावं लागलं की ॲनिमेशन हाही सिनेमाच आहे. पंचाण्णवाव्या सोहळ्यात!

बोरिवली_फास्ट

मी त्या हसणाऱ्यांतला समजा.

सिनेमा म्हणजे शेवटी माणसाचा चेहरा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीत सगळ्यात मोठी शाखा नटांची आहे. त्यांनी स्वतःचं पोट ज्यावर चालतं ते सोडून चित्राला मत का द्यावं? ‘अलादीन’मधल्या जिनीला रॉबिन विल्यम्सनं आवाज दिला, सगळं जग खूश झालं, पण ऑस्करला अभिनयाचं नामांकन नाही. नुसत्या आवाजावर आजवर कुणालाच मिळालेलं नाही. यात अन्याय कसला? अभिनय आणि डबिंग यांत फरक आहे एवढंच. वेगळा विभाग आहे, मिळतंय ते घ्या आणि गप बसा.

कीफ्रेम (मालाड)

बोरिवली_फास्ट, कधी आमच्या ॲनिमेशन स्टुडिओच्या फ्लोअरवर या. चहा माझ्याकडून. पुष्कळ ॲनिमेटरांच्या टेबलावर छोटा आरसा असतो. शॉट हातात आला की आधी स्वतः तो वठवून बघायचा, मोबाइलवर शूट करायचं, खांदा कधी पडतो, पापणी कधी लवते ते फ्रेम मोजून टिपायचं. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. पात्र उसासा टाकतं तो उसासा आवाज देणाऱ्याचा असतो, पण त्या उसाशाआधी ते जे क्षणभर थांबतं, ते थांबणं आमचं. त्याला अभिनय म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण चेहऱ्याच्या गोष्टी आम्हाला सांगू नका.

आता पुरस्कारांबद्दल. तुम्ही सगळे अमेरिकेत फिरताय, जरा घरात बघा. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाला वेगळं सुवर्णकमळ होतं. २०१२ सालचं ‘दिल्ली सफारी’ला मिळालं. आता तिथे एव्हीजीसी नावाचा गट आहे: ॲनिमेशन, व्हीएफएक्स (म्हणजे संगणकावरचे दृश्यपरिणाम), गेमिंग, कॉमिक सगळं एका पोत्यात. २०२२ साठी त्या गटातला सर्वोत्कृष्ट चित्रपट कुठला? ‘ब्रह्मास्त्र’. २०२३ साठी? तेलुगू ‘हनु-मान’. दोन्ही जिवंत नटांचे सिनेमे! व्हीएफएक्स करणाऱ्या मुलांबद्दल आकस नाही, त्यातले निम्मे माझे दोस्त आहेत. पण हातानं चितारलेल्या सिनेमानं रणबीर कपूरच्या सिनेमाशी त्याच गटात झुंजायचं, हा कुठला न्याय?

तेव्हा पडदावेडा, तुमचं ‘बंद करा’ मला परवडणारं नाही. कुंपण काढलं की पहिल्यांदा शेत कोण चरतं ते आम्ही पाहिलंय.

पडदावेडा (दादर)

कीफ्रेम, आरशाचं वाचून बोरिवलीकर निरुत्तर झाले असावेत. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तंत्रावरून गट पाडले की असंच होणार, कारण तंत्राची हद्द दर दहा वर्षांनी सरकते. अकादमीचा नियम म्हणतो, किमान ७५ टक्के वेळ ॲनिमेशन हवं आणि नुसतं मोशन कॅप्चर (नटाच्या हालचाली टिपून त्या पात्राला देणं) हे ॲनिमेशन धरायचं नाही. २०१९ चा ‘द लायन किंग’ घ्या. एक शॉट सोडला तर सगळा संगणकावर घडलेला. गोल्डन ग्लोबनं त्याला ॲनिमेशनमध्ये नामांकन दिलं, ऑस्करनं व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये. सिनेमा तोच, सिंह तोच! आणि ‘अवतार’ची निळी माणसं तर सरळ बेस्ट पिक्चरच्या यादीत जाऊन बसली, कुणाला चंपक आठवलं नाही.

गणिताचे_मास्तर (ठाणे)

भावना बाजूला ठेवून मतमोजणी बघू या, कारण खरी गोम तिथे आहे.

आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रमाची मतं असतात, कोटा असतो, रात्रभर टीव्हीवर ‘पहिल्या पसंतीची मतं’ चालतं, आठवतंय? बेस्ट पिक्चरच्या नामांकनाचं तत्त्व तेच. सभासद आवडत्या सिनेमांची क्रमवार यादी देतो आणि जीव असतो पहिल्या पसंतीत. २०११ पासून काही वर्षं तर नियमच होता की पहिल्या पसंतीची किमान पाच टक्के मतं नसतील तर यादीत जागा नाही. आता समजा, एखादा ॲनिमेशनपट हजारो सभासदांना मनापासून आवडला, पण प्रत्येकाच्या कागदावर तो चौथा-पाचवा आहे. नामांकनात त्याची किंमत जवळजवळ शून्य. आणि तो चौथा का? कारण मतदार म्हणतो, त्याला त्याचा विभाग आहे की, तिथे जिंकेलच, इथलं पहिलं मत दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ दे. इथे पडदावेडा यांचं बरोबर आहे.

गंमत पुढे आहे. अंतिम फेरीत सगळ्यात कमी मतांचा सिनेमा बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, कुणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत. या पद्धतीत जिंकतो तो कुणाच्याच नावडीचा नसलेला सिनेमा. चौथ्या-पाचव्या पसंतीला सोनं येतं ते इथे! थोडक्यात, चांगल्या ॲनिमेशनपटाला आत शिरणं अवघड, पण एकदा शिरला तर आपण समजतो तितका तो दुबळा नाही. २००९ पासून ही मोजणी आहे आणि तेव्हापासून शिरले फक्त दोन, त्यामुळे कसोटी म्हणावी अशी झालेलीच नाही.

बोरिवली_फास्ट

मास्तर, तुमचं गणित बरोबर असेल. पण मत देणारा आकडा नसतो, माणूस असतो. त्याला घरी नातवंडांबरोबर अर्धवट बघितलेला सिनेमा पहिल्या क्रमांकावर टाकवत नाही. निरुत्तर वगैरे काही झालो नाही मी. कीफ्रेम, चहा मात्र घेईन.

जेजेवाली

“अर्धवट बघितलेला” हेच खरं दुखणं. नकळत बरोबर बोललात काका.

जिथे मोजकी माणसं अंधारात बसून सगळे सिनेमे पूर्ण बघतात तिथे ॲनिमेशनला कुणी वेगळ्या रांगेत उभं करत नाही. २००२ मध्ये बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, ‘स्पिरिटेड अवे’नं (‘ब्लडी संडे’बरोबर विभागून) घेतलं. २००७ मध्ये कान महोत्सवात ‘पर्सेपोलिस’ला ज्युरी पारितोषिक. आणि आपल्या मुंबईचं सांगते. गीतांजली राव, आमच्या जेजेच्याच उपयोजित कलेच्या. २००६ मध्ये त्यांचा छोटासा ‘प्रिंटेड रेनबो’ कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये (समीक्षकांनी निवडलेल्या सिनेमांच्या विभागात) तीन पारितोषिकं घेऊन आला. मग ‘बॉम्बे रोझ’: फ्रेम न् फ्रेम रंगवलेला, जुहूच्या रस्त्यावर गजरे-फुलं विकणाऱ्या मुलीचा. २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा पडदा त्यानं उघडला. आणि इथल्या किती मुंबईकरांनी तो पाहिलाय? हात वर करा. (नेटफ्लिक्सवर आला होता, तिकिटाचंही कारण नाही.)

दहा हजारांच्या आसपास सभासदांकडून तसं बघणं होत नाही. अकादमीलाही ते कळलंय म्हणून तर २०२६ च्या सोहळ्यापासून नियम केला की विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत त्या विभागात मत नाही. उशिरा का होईना.

पार्ल्याचा_भिडू

तुमच्या भांडणात एक बारका प्रश्न. ‘महावतार नरसिंह’ हा आपला ॲनिमेशनपट ऑस्करच्या शर्यतीत असल्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. मग तो गेला कुठे? तीनशे कोटींच्या वर धंदा केला की राव त्यानं.

कीफ्रेम (मालाड)

भिडू, ती पात्र सिनेमांची यादी होती, ३५ नावांची. अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगरांपैकी एकात सात दिवस थिएटरात लावायचा, अर्ज भरायचा, नियमात बसलं की नाव येतं. ‘दिल्ली सफारी’ही असा एकदा यादीत होता. पुढे पाच नामांकनं निघतात, त्यात ‘नरसिंह’ नव्हता. धंद्याचा तिथे संबंध नाही. इथे मात्र आहे, आणि मोठा आहे: २००५ च्या ‘हनुमान’नंतर ॲनिमेशनला पैसे लावणारा माणूस पहिल्यांदाच आपणहून फोन करतोय. मला विचाराल तर हा फोन कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठा.

सुमन_माहीम

फोन करणारा उद्या तिकडेच बघणार ना कीफ्रेम, की या कामाला कुठे मान आहे का? म्हणून विभाग हवा. जेजेवाली म्हणते तो नियम फक्त अंतिम फेरीला आहे. तोच नामांकनाच्या फेरीला लावा, मुख्य यादीसकट. पाहिलं नाही तर मत नाही. मग मास्तरांच्या गणितातली पहिली पसंती आपोआप हलेल, आणि ‘फ्लो’चा विभागही शाबूत राहील.

पडदावेडा (दादर)

नामांकनाआधी पात्र सिनेमे शेकड्यांनी असतात ताई, ते सगळे कोण बघणार? तुमचा नियम कागदावरच राहील. मी एक पायरी खाली उतरतो, त्याखाली नाही: विभाग ठेवा, पण अर्ज करतानाच निर्मात्याला एक काहीतरी निवडू द्या, मुख्य यादी किंवा ॲनिमेशन. पिक्सारसारख्यांनी हिमतीनं मुख्य यादीत उडी घ्यावी, तिथे हरले तर हरले. म्हणजे मतदाराला “त्याला त्याचा विभाग आहे की” म्हणायची सोय उरणार नाही, आणि छोट्या विभागात ‘फ्लो’सारख्यांना मोकळी जागा मिळेल. कीफ्रेम, यात तुमचं कुंपण कुठे तुटतं ते सांगा.

कीफ्रेम (मालाड)

तुटतं ना. निर्माता हिमतीनं उडी घेणार नाही, तो खात्रीचा पुतळा घेणार. माझा निर्माता तर नक्कीच.