मदत हवी आहे: रेड ५ मधली एक डिस्क गेली, दुसरी डळमळीत. आधी रीबिल्ड की क्लोन?

नॅसमध्ये (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) ४ टीबीच्या चार डिस्क, एमडीएडीएमवर (लिनक्सचं रेड सांभाळणारं साधन) रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी मांडणी. तिसरी डिस्क गेली. केबल आणि स्लॉट बदलूनही बायोसमध्ये दिसत नाही. ॲरे (डिस्कचा संच) डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना चालू आहे, पण डेटा वाचता येतोय. खरी धास्ती दुसऱ्या डिस्कची: स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची तब्येत-नोंद) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेले भाग, ० वरून १६ झालेत, आणि रीबिल्डमध्ये (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा तयार करताना) तीही शेवटपर्यंत वाचली जाणार. कागदपत्रांचा बॅकअप आहे. घरचे फोटो-व्हिडिओ मात्र फक्त इथेच आहेत, ते गमावून चालणारच नाही. म्हणून ॲरे रीड-ओन्ली ठेवलाय.

तेवढ्याच क्षमतेची नवी सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढणारी) डिस्क हाताशी आहे, पण सध्या एकच. ती घालून थेट रीबिल्ड करू, की ॲरे थांबवून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं उतरवणारं साधन) दुसऱ्या डिस्कचा क्लोन तिच्यावर घेऊ आणि क्लोन लावून ॲरे उभा करू? क्लोनमध्ये काही सेक्टर उतरले नाहीत, तर नेमक्या कोणत्या फाइल बिघडल्या हे कसं शोधायचं?